पाचशे यार्डांवरची पांढरी प्लेट

माझा उजवा पाय हलतो. खुर्चीत बसलो की पंजा जमिनीवर टेकलेला आणि टाच वरखाली, शिवणयंत्रावर बसल्यासारखी. यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. लहानपणी आईची, लग्नानंतर बायकोची, आणि २००५ साली अमेरिकेतल्या चँडलर गावात एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या अमेरिकन माणसाची. त्याच्या पुढ्यातल्या लाकडी टेबलावर त्या वेळी युद्धाच्या काळातली एक ऑटोमॅटिक रायफल होती. स्कोपवरचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीवरचा, डोळा न काढता तो शांतपणे म्हणाला, की तुझा पाय थांबला तर टेबल थांबेल, आणि टेबल थांबलं तर मला गोळी झाडता येईल. मी पाय थांबवला. मिनिटभरात तो आपला आपण पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षांत स्वस्थ बसणं मला जमतच नव्हतं. ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्या तरी रांगेत पडला होता आणि रांग पुढे सरकते आहे की मागे, ते वकिलालाही सांगता येत नव्हतं. आत्ता देशाबाहेर जाऊ नका, परत येताना अडकाल, एवढंच तो दर वेळी बजावायचा. साडेतीन वर्षं मी नागपूरला घरी गेलो नव्हतो. बायको पुण्याची, एमएस्सी झालेली, पण तिच्या व्हिसावर नोकरी करायची सोय नाही. ती रोज दुपारी चार वाजता मुलीला स्ट्रोलरमध्ये घालून कोपऱ्यावरच्या पत्रपेट्यांपाशी जायची. सगळ्या गल्लीच्या पेट्या एका खांबावर एकत्र होत्या. आमच्या कप्प्यात पिझ्झाची कुपनं असायची. ती घरी आली की मी ऑफिसातून फोन करून विचारायचो, आलं का काही? आणि ती म्हणायची, आलंय ना, दोनावर एक फ्री.

दर रविवारी सकाळी बाबांचा फोन. म्हणजे मीच करायचो, पण पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ते उचलायचे. बाबा शाळेतून रिटायर झालेले, आई गेल्यापासून घरात एकटे. पहिला प्रश्न ठरलेला, काय म्हणतंय तुझं कार्ड? माझं उत्तरही ठरलेलं, होतंय बाबा, दोन-तीन महिन्यांत होईल, मग येतोच. मग मी तब्येत विचारायची आणि त्यांनी ठणठणीत म्हणायचं. एकदा मी सहज विचारलं, की पेपरातलं शब्दकोडं सुटतंय ना रोज? तर म्हणाले, सोडलं ते, रोज तेच ते शब्द असतात. मीही बरं म्हटलं आणि विषय बदलला.

आता त्या रायफलवाल्या म्हाताऱ्याचं सांगतो. तो आमचा शेजारी. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी तिकडे ओहायोत. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, गॅरेजमध्ये हत्यारं अशी ओळीने टांगलेली की बघत राहावं. पहिल्या दिवाळीला बायकोने त्याला डबाभर शंकरपाळे दिले. चार दिवसांनी डबा परत आला तो त्याच्या झाडाच्या संत्र्यांनी भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत याला कोणी शिकवली, असं म्हणत बायको दिवसभर खूश होती. तेव्हापासून घरात तो आजोबा झाला. तोंडावर मात्र आम्ही त्याला सर म्हणायचो.

एकदा कुंपणाशी बोलताना त्याने विचारलं, मी काम काय करतो. मी सांगितलं, चिप बनवण्याच्या कारखान्यात मोजमापाचं काम करतो, वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ तबकडीवरच्या, थरांची जाडी मोजतो, चुकली की अख्खा लॉट बाजूला काढतो. तो म्हणाला, की मला असाच माणूस पाहिजे.

काम असं होतं. तरुणपणी तो कोरियाच्या लढाईत होता आणि तिथे त्याने दुसऱ्या महायुद्धातली ती ऑटोमॅटिक रायफल वाहिली होती. वाहिली म्हणजे खरोखर वाहिली, नऊ-दहा किलोंचं धूड ते. परत आल्यावर तसलीच एक त्याने सरकारदरबारी रीतसर नोंद करून विकत घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने घडवलेल्या पट्टीवर स्कोप बसवला. नेमबाजीच्या क्लबातले लोक त्याला हसायचे. ही बंदूक धडाधड गोळ्या सोडायला केलेली, लांबचा नेम धरायला नव्हे. तिच्यात एकेक गोळी झाडायची सोयच नाही. दोन वेग, एक सावकाश आणि एक जलद. हा सावकाशवर ठेवून बोट असं काही उचलायचा की एकच गोळी सुटायची. शिवाय ट्रिगर दाबला की लगेच गोळी सुटत नाही. आधी आतलं एक जड लोखंड दणकन पुढे धावतं, त्याने सगळी बंदूक हादरते, मग गोळी. म्हणजे नेम धरून झाला, बोट दाबून झालं, आणि त्यानंतरचा तो क्षण निभवायचा. म्हातारा म्हणायचा, नेम सगळ्यांना धरता येतो, त्यानंतर गप्प राहता येत नाही. मला वाटायचं हे मला उद्देशून आहे.

पाचशे यार्डांवर, म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर, वाळवंटातल्या मातीच्या बांधापुढे एक लोखंडी प्लेट टांगलेली असायची, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. गोळी लागली की पांढऱ्यावर करडा ठिपका उठतो आणि टण् असा आवाज येतो. पण म्हाताऱ्याचे कान बंदुकांनीच खाल्ले होते, वर ते जाड कानपट्टे. त्याला टण् ऐकू येत नव्हतं. म्हणून शेजारी दुर्बीण लावून बसणारा स्पॉटर हवा. लागली तर अंगठा वर. चुकली तर हाताने दाखवायचं, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग तो नेम सरकवायला स्कोपची चकती तेवढी फिरवणार.

आणि हा काही नुसता शौक नव्हता. मुलगी त्याच्या मागे लागली होती, बाबा, गाडी चालवणं बंद करा, इकडे या, तुमचे डोळे बिघडलेत. बापलेकीत मग करार झाला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा गोळ्या. सहा लागल्या तर महिनाभर गाडी चालवायची. सहाच्या खाली आल्या तर चाव्या खाली ठेवायच्या आणि ओहायोला जायचं. मुलीने मान्य केलं, कारण बाप खोटं बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं.

बायकोने आधी आकांडतांडव केलं. व्हिसावरचा माणूस, त्यात २००१ नंतरचे दिवस, आपल्या रंगाचा माणूस बंदुकांच्या जागी दिसला तर कोण काय समजेल, आणि कार्ड राहील बाजूला. तिचं काही चूक नव्हतं. पण म्हाताऱ्यालाच नियम माझ्यापेक्षा नीट माहीत होते. त्याने आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिला सांगितलं, की हा बंदुकीला बोट लावणार नाही, गोळीलाही नाही, हा फक्त बघणार आणि मला खरं सांगणार. तरी तिने नंतर मला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. हात लावायचा नाही, ही शपथ मी पाळली. खरं सांगायचं, याची शपथ कोणी घातली नव्हती.

पहिले काही महिने मजेत गेले. सात, आठ, पुन्हा सात. दहा गोळ्या झाल्या की रेंजवरचा, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरचा, माणूस गोळीबार थांबवायचा, सगळे बंदुका खाली ठेवून मागे सरायचे, आणि मी पांढऱ्या रंगाचा स्प्रे घेऊन प्लेटपर्यंत चालत जायचो. ठिपके रंगवून प्लेट पुन्हा कोरी करायची, पुढच्या माणसासाठी. त्या मोकळ्या उन्हात एवढं लांब चालायला मला बरं वाटायचं, पाय सार्थकी लागायचे.

सप्टेंबरात मी पाच मोजल्या. पाचच. शेवटची गोळी प्लेटच्या हातभर उजवीकडे धूळ उडवून गेली. म्हाताऱ्याने मान वळवली. घामाने भिजलेला चेहरा, पापण्या सारख्या फडफडत होत्या, आणि माझ्या हाताकडे लागलेली नजर. माझा अंगठा वर गेला. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. मोठ्या माणसाला तोंडावर तुम्ही चुकलात म्हणायचं वळणच आमच्या हाडात नाही. आम्ही वडीलधाऱ्यांना त्यांना आवडेल ते सांगतो, आणि यालाच मान राखणं म्हणतो. म्हाताऱ्याने सहा म्हटलं, मी सहा म्हटलं. मग लगबगीने जाऊन पाच ठिपक्यांवर रंग मारून आलो.

एकदा जमलं की मग काय, सरावच होतो. ऑक्टोबरात पाच होत्या, मी सात केल्या. जानेवारीत तीन. फेब्रुवारीत फक्त एक, आणि मी सात सांगितल्या. सगळ्या दहा सांगितल्या तर संशय येईल म्हणून मधूनच हाताने डावीकडे दाखवायचो, इतका मी निर्लज्ज झालो होतो. आणि यातली खरी ग्यानबाची मेख मला फार उशिरा कळली. खोटा अंगठा दिसला की तो चकती फिरवायचाच नाही. म्हणजे एक गोळी उजवीकडे धुळीत गेली की पुढचीही तिथेच जाणार. मीच त्याला चुकवत होतो.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका टेक्निशियनने एक आकडा जरासा गोल करून लिहिला, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मोजतोस ते लिही, तुला वाटतं ते नको. हे सगळं मी बोललो आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. बायकोने एकदा विचारलं होतं, आजोबांना नीट दिसतं ना रे, परवा दारात उभी होते तर मला ओळखलंच नाही. मी म्हटलं, अगं, पाचशे यार्डांवर दहातल्या सात लागतात, तुला न दिसायला काय झालं? ती म्हणाली, मग ठीक आहे.

मार्चमधली दुपार, चार वाजून गेलेले. ऑफिसात बायकोचा फोन आला. आवाज अगदी सपाट. ती म्हणाली, आम्ही दोघी ठीक आहोत, पण तू घरी ये.

कोपऱ्यावर पोचलो तर पत्रपेट्यांचा खांब आडवा झालेला, त्यावर म्हाताऱ्याचा पिकअप ट्रक चढलेला, पुढून वाफ येते आहे. सगळ्या गल्लीची पत्रं रस्त्याभर पसरलेली. म्हातारा फुटपाथच्या कडेला बसून पोलिसाला सांगत होता, की सूर्य डोळ्यांवर आला. सूर्य त्याच्या पाठीमागे होता. बायको एका हाताने मुलीला कडेवर धरून दुसऱ्या हाताने पत्रं गोळा करत होती. मुलीच्या एका पायात बूट नव्हता. पेटीपाशी उभ्या असताना तो बूट मागे कुठेतरी पडल्याचं लक्षात आलं, म्हणून बायको स्ट्रोलर वळवून चार पावलं मागे गेली होती. चार पावलं.

घरी आल्यावर तिने मुलीला झोपवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिला रागही नव्हता, खरोखरचा प्रश्न पडला होता. तूच म्हणाला होतास ना, सात लागतात म्हणून? मग त्यांना एवढा मोठा खांब कसा दिसला नाही? मी तिला सगळं सांगितलं. सप्टेंबरपासूनचं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ताटवाट्या फुटणार. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून उपयोग नाही. जा, त्यांना सांग. आत्ता जा."

म्हातारा गॅरेजमध्ये होता. रायफल टेबलावर, हातात तेलाचं फडकं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर पाय हलला असता. तो पुसायचा थांबला.

"या महिन्यात किती?"

"दोन," मी म्हटलं.

"आणि फेब्रुवारीत?"

एक. जानेवारीत? तीन. तो एकेक महिना मागे जात विचारत गेला आणि मी सांगत गेलो. सगळे आकडे मला पाठ होते, तेवढा मोजणारा मी होतोच. असं करत आम्ही सप्टेंबरपर्यंत पोचलो. मला वाटलं होतं तो ओरडेल, त्याला तेवढा हक्क होता. त्याने फडक्याची नीट घडी केली.

"माझ्या मुलीला काळजी आहे, ती कमी मोजेल. क्लबातले दोस्त आहेत, ते जास्त मोजतील. तुला माझं काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तुला नेलं होतं." मग म्हणाला, "तुझी मुलगी कशी आहे?"

झोपलीय, एवढंच मी म्हटलं. मान खाली घालून मी घरी आलो. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या वीस पावलांत कळलं.

त्याच संध्याकाळी त्याने मुलीला फोन करून येतो म्हणून कळवलं. पण जाण्याआधीच्या शनिवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. मी गाडी चालवावी आणि त्याला रेंजवर न्यावं, असं त्याचं म्हणणं. बायकोकडे बघितलं तर तिने आधीच पाण्याची बाटली भरून ठेवली होती.

पहिली गोळी. धूळ उजवीकडे, दीड हात. त्याने मान वळवली. मी उजवीकडे दाखवलं, किती तेही दाखवलं. त्याने चकती फिरवली. दुसरी, अजून उजवीकडेच, पण कमी. पुन्हा चकती. तिसरी खाली. चौथीला टण् आवाज आला आणि पांढऱ्यावर ठिपका उठला. मी अंगठा वर केला तर तो तसाच माझ्याकडे बघत राहिला, खरंच का, म्हणून. मी दुर्बिणीतून पुन्हा बघितलं आणि पुन्हा अंगठा वर केला. दहा झाल्या तेव्हा चार लागल्या होत्या. फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये दोन, आणि आता त्याच अंधुक डोळ्यांनी चार. सहा नव्हत्या, पण चारही ठिपके खरे होते. माझा पाय सगळा वेळ हलत होता, टेबलही हलत असणार, पण तो काही बोलला नाही.

या वेळी तो म्हणाला, रंग मारू नकोस, मला बघायचंय. माझ्या दंडाला धरून तो पाचशे यार्ड चालत आला. मध्ये दोनदा थांबला. प्लेटपाशी पोचल्यावर त्याने चष्मा काढला, नाक जवळजवळ लोखंडाला लावलं आणि चारही ठिपके बोटाने चाचपले. परतीच्या वाटेवर आम्ही हवापाण्याचं बोललो.

तो सोमवारी ओहायोला गेला. रायफल क्लबातल्या एकाकडे गेली, कागदपत्रं करून. आमच्या पायरीवर संत्र्यांची पिशवी होती.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं, रविवार सकाळचं. नेहमीसारखा नागपूरला फोन लावला. पहिल्या रिंगला बाबांनी उचलला. काय म्हणतंय तुझं कार्ड? होतंय बाबा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. समोर बायको मुलीला भरवत होती, तिने घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, बाबा, दोन-तीन महिने हे मी तुम्हाला उगाच सांगत आलोय. कधी होईल ते वकिलालाही सांगता येत नाही, चार-पाच वर्षंही लागतील. मधे येता येईल असं वाटत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो.

लाइन कट झाली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, आहे," बाबा म्हणाले. "मग मी आता मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतो."

मी विचारलं, कसलं ऑपरेशन, कधीपासून आहे हे?

"झालं असेल दीड वर्ष. दोन्ही डोळ्यांना आहे. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, करून टाका. पण तू येतोच आहेस म्हणत होतास. म्हटलं, पट्टी सोडतील तेव्हा पहिल्यांदा तू दिसावास."

मी विचारलं, बाबा, आता किती दिसतं, खरं सांगा. आणि ते सांगू लागले, पेपर कधी बंद झाला, जिना कधीपासून हाताने चाचपावा लागतो, फोनशेजारी खुर्ची टाकून रविवारी का बसून राहतात.